पायथनच्या एसएसएल एररवरचा तो ‘एका ओळीचा उपाय’ कृपया पुढे पाठवू नका

नाशिकच्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. काल तो माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्याने ती ओळ प्रोजेक्टमध्ये चिकटवलीसुद्धा. मेसेज थोडक्यात असा: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ (सर्व्हरच्या ओळखपत्राची तपासणी फसली) असा एरर आला की एसएसएल._क्रिएट_डिफॉल्ट_एचटीटीपीएस_कॉन्टेक्स्टच्या जागी तपासणी न करणारा _क्रिएट_अनव्हेरिफाइड_कॉन्टेक्स्ट बसवा, सगळीकडे चालतं. एन्क्रिप्शन तसंच राहतं. आतल्या नेटवर्कवर तर धोकाच नाही. आणि एसएसएल मॉड्यूलचं (पायथनचा सुरक्षित जोडणी सांभाळणारा भाग) डॉक्युमेंटेशन तज्ज्ञांसाठी आहे, त्यात वेळ घालवू नका.

‘एन्क्रिप्शन तसंच राहतं’ हे यातलं सगळ्यात घातक वाक्य. राहतं, पण कोणाशी? पासपोर्टची पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. विमानतळावर दोन गोष्टी बघतात: पुस्तिका अस्सल आहे का, आणि फोटो समोर उभ्या माणसाचाच आहे का. एसएसएल मॉड्यूलमध्ये पहिलं काम व्हेरिफाय_मोड करतो, दुसरं चेक_होस्टनेम. ही ओळ दोन्ही बंद करते. मग कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॅफेच्या वायफायवर मध्ये बसलेला माणूस ओपनएसएसएलच्या एका कमांडने स्वतःचं सर्टिफिकेट बनवतो आणि पुढे करतो. तुमचा पासवर्ड, तुमचा टोकन व्यवस्थित एन्क्रिप्ट होऊन थेट त्याच्याच हातात पडतो. तो वाचतो, खऱ्या सर्व्हरकडे पुढे ढकलतो आणि उत्तर परत देतो. प्रोग्रॅममध्ये कुठेही एरर दिसत नाही.

ही ओळ आली कुठून, तेही बघा. पायथनमध्ये एचटीटीपीएससाठी सर्टिफिकेट तपासणी आपोआप होऊ लागली ती 2.7.9 आणि 3.4.3 पासून, पेप 476 या प्रस्तावामुळे. त्याच प्रस्तावात ही ओळ आहे. पण ती जुन्या यंत्रणा सांभाळणाऱ्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरसाठी आहे, आणि ॲप्लिकेशन किंवा लायब्ररीने स्वतःहून संपूर्ण प्रोसेससाठी हा बदल करू नये, असं तिथेच बजावलेलं आहे. मेसेज बनवणाऱ्याने ओळ उचलली आणि अट टाकून दिली.

‘सगळीकडे चालतं’ हेही खोटं. वेबवरून माहिती मागवायला वापरतात ती रिक्वेस्ट्स लायब्ररी स्वतःचा कॉन्टेक्स्ट वापरते, तिच्यावर या ओळीचा परिणामच होत नाही.

खरं कारण शोधायला दहा मिनिटं पुरतात. मॅकवर पायथन डॉट ऑर्गचा इन्स्टॉलर वापरला असेल, तर त्याच्या फोल्डरमधली ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट्स’ ही कमांड फाइल चालवा. ब्राउझरमध्ये साइट उघडते पण पायथनमध्ये ‘अनेबल टू गेट लोकल इश्यूअर सर्टिफिकेट’ येतं? मग बहुतेक वेळा सर्व्हर आपलं सर्टिफिकेट मूळ (रूट) सर्टिफिकेटशी जोडणारं मधलं, म्हणजे इंटरमीडिएट सर्टिफिकेट पाठवत नसतो. बरेच ब्राउझर ते स्वतः मिळवतात, पायथन मिळवत नाही. ओपनएसएसएल एस_क्लायंट ही कमांड शोसर्ट्स पर्यायासह चालवून सर्व्हरने पाठवलेल्या सर्टिफिकेटांची साखळी मोजा. सर्टिफिकेट काढायला सर्टबॉट वापरत असाल तर सर्व्हरला सर्ट.पेम ऐवजी फुलचेन.पेम द्या. द्राक्षबागेत हवामान सेन्सरसाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक लावलेला असेल तर आधी घड्याळ बघा. रास्पबेरी पाय 4 पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवरचं घड्याळ नाही. लाइट जाऊन आली की वेळ मागे पडते आणि ‘नॉट येट व्हॅलिड’ येतं.

आतल्या नेटवर्कचं म्हणाल, तर सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात मशीनला आयपी पत्त्याने जोडतात आणि सर्टिफिकेट नावाने काढलेलं असतं, म्हणून जुळत नाही. तो आयपी सर्टिफिकेटच्या सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेममध्ये (सर्टिफिकेट कोणत्या नावांसाठी-पत्त्यांसाठी आहे त्या यादीत) घाला आणि स्वतःचं रूट सर्टिफिकेट क्रिएट_डिफॉल्ट_कॉन्टेक्स्टला सीएफाइल म्हणून द्या. पायथन 3.13 पासून तपासणी जास्त कडक झाली आहे. सर्टिफिकेटमध्ये ऑथॉरिटी की आयडेंटिफायर (सही कोणाच्या किल्लीने झाली ते सांगणारी नोंद) नसेल तर ते नाकारलं जातं.

डॉक्युमेंटेशनबद्दलची तक्रार अर्धी खरी आहे, हे मात्र नाइलाजाने मान्य करावं लागतं. पानाच्या वरच्या भागात ‘सिक्युरिटी कन्सिडरेशन्स वाचल्याशिवाय हे मॉड्यूल वापरू नका’ असा इशारा आहे, पण तो विभाग त्या लांबलचक पानाच्या पार शेवटाकडे ढकललेला आहे. पर्पज.सर्व्हर_ऑथ (सर्व्हरची ओळख तपासणं) क्लायंटसाठी वापरायचं आणि पर्पज.क्लायंट_ऑथ सर्व्हरसाठी, ही नावं वाचून नवखा माणूस नेमकं उलटं करतो. 3.10 च्या आधी असं उलटं केलं तर क्लायंट करत असलेली सर्व्हरची तपासणी गुपचूप बंद व्हायची.

पण म्हणून वाचूच नका? पान अवघड असेल तर ते सुधारा. क्लायंटसाठीचं पाच ओळींचं उदाहरण सगळ्यात वर हवं, आणि त्याखाली एरर, कारण, उपाय असा तक्ता. पायथनच्या सोर्समध्ये डॉक फोल्डरच्या आत लायब्ररी, त्यात एसएसएल.आरएसटी ही साधी मजकुराची फाइल आहे. ती बदला, डॉक फोल्डरमध्ये मेक एचटीएमएल चालवून पान स्वतः वाचून बघा, कॉन्ट्रिब्युटर करारावर सही करा आणि पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवा. सी भाषेची एक ओळही यावी लागत नाही.