वीज कर्मचाऱ्यांचा जानेवारी २०२३ चा संप: पगारासाठी नव्हता

‘सरकारने महावितरण अदानींना विकली, मग पगार वाढवून घेण्यासाठी कर्मचाऱ्यांनी अंधार केला’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरतोय. यातल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत.

विक्री झालेली नव्हती. अदानी समूहाच्या एका कंपनीने भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यात समांतर वीज वितरणाचा परवाना राज्य वीज नियामक आयोगाकडे मागितला होता, एवढंच. वीज कायदा २००३ च्या कलम १४ नुसार एकाच भागात दुसऱ्या कंपनीला परवाना मिळू शकतो, पण तारा-खांबांचं जाळं तिने स्वतःचं उभारायचं.

संप पगारासाठी नव्हता, या परवान्याच्या मागणीविरोधात होता. मग कर्मचारी संघटनांचा आक्षेप कशाला? तर मोठी बिलं भरणारे उद्योग आणि मॉल नव्या कंपनीकडे गेले की शेतीपंपाच्या स्वस्त विजेचा भार महावितरणवर उरणार. हा मुद्दा मला तरी बिनबुडाचा वाटत नाही. डीपीचा फ्यूज उडाला की चिखल तुडवत शिवारात जाणारा वायरमन महावितरणचाच असतो.

७२ तासांचा संप ४ जानेवारीला सुरू झाला. सरकारने मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधला संप रोखणारा कायदा लावला. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा झाली आणि संप मागे घेतला गेला. खासगीकरण करायचं नाही, उलट वीजनिर्मिती, पारेषण आणि वितरण करणाऱ्या तिन्ही सरकारी वीज कंपन्यांमध्ये तीन वर्षांत ५० हजार कोटी रुपये गुंतवू, असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं.