आजीनं फोन बघितला आणि भाषा बदलली

रविवारी दुपारी नवी मुंबईतल्या आमच्या घणसोली गावात शेजारच्या आजीकडे बसले होते. आजी एके काळची धवलारीण. जुन्या आगरी लग्नात एकेक विधी धवलारणीच्या गाण्यावर, म्हणजे धवल्यावर, पुढे सरकायचा, आणि आजीनं असे कितीतरी मांडव गाजवलेत. म्हटलं, आजी, तुझा आवाज जपून ठेवायचाय, बोल काहीतरी. फोन समोर स्टुलावर उभा केला, लाल बटण दाबलं. आजीनं पदर सारखा केला, ताठ बसली आणि सुरू झाली, "आमच्या वेळेला आम्ही सर्वजण शेतामध्ये कामाला जात होतो..."

मी बघतच राहिले. या बाईला असं बोलताना मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. फोन उचलला आणि पानाच्या डब्यामागे सरकवला. चहा झाला, नातवाच्या लग्नाचा विषय झाला, आजी फोन विसरली आणि मग खरी आजी बोलायला लागली. "उधानाला बांध फुटला का सगला गाव धावाचा गो बाय. पोरां, बायका, म्हातारी, सगली चिखलान."

ते पहिलं वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून आज हे लिहितेय.

गेली दोन वर्षं ठाण्याला कामावर जाता-येता लोकलमध्ये मी वंश, वर्ण, ओळख या विषयांवरचे पॉडकास्ट ऐकते. सुरुवात झाली अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओच्या 'कोड स्विच'पासून. हा पॉडकास्ट २०१६ पासून चालू आहे. समोर कोण आहे ते बघून माणूस आपली भाषा, लहेजा, आवाजसुद्धा बदलतो, त्यावरून हे नाव. ते कळलं तेव्हा गाडी रबाळ्याला होती आणि मला एकदम जाणवलं की हे मी रोज करते. घणसोलीला गाडीत चढताना आईला फोनवर विचारते, "पानी आयलं का?" आणि ठाण्याला उतरेपर्यंत माझे ण आणि ळ आपापल्या जागेवर गेलेले असतात. कुणी सांगावं लागत नाही. चौथीत 'शाला' म्हटलं म्हणून बाईंनी मला वर्गासमोर उभं करून 'शाळा' दहा वेळा म्हणायला लावलं होतं. मुलं हसत होती. तेव्हापासून सवय झाली.

चेंजेराई कुमान्यिका म्हणून एक कृष्णवर्णीय अभ्यासक आहेत. रेडिओसाठी स्वतः लिहिलेला मजकूर वाचताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्या मनात तो मजकूर कुणा गोऱ्या निवेदकाच्या आवाजात वाजतोय. २०१५ मध्ये त्यांनी यावर लिहिलं आणि तिकडच्या रेडिओवाल्यांत मोठी चर्चा झाली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण कागदावर सगळे सारखे दिसतात. मी इथे 'शाळा' लिहिलं की मी कुठली ते तुम्हाला कळणार नाही. तोंड उघडलं की कळतं. ओळख आवाजात असते, आणि पॉडकास्ट म्हणजे नुसता आवाज.

आता आपल्याकडे या. मराठीत पॉडकास्ट भरपूर झालेत. गुंतवणूक, आरोग्य, इतिहास, नटनट्यांच्या मुलाखती. मी ऐकते, चांगले आहेत. पण मी ऐकलेल्या सगळ्यांत आवाज एकाच घरातला वाटतो. आमची बोली चालते ती रीलमध्ये, हळदीच्या गाण्यात, लोकांना हसवायला. आगरी बोलीत कुणी तासभर गंभीरपणे आपल्या जमिनीबद्दल, आपल्या बापाबद्दल बोलतंय आणि ऐकणारा हसत नाहीये, असं मला ऐकायचंय.

आणि बोलण्यासारखं काय थोडं आहे? १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आलं आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली. ज्या आगरांवरून आम्ही आगरी, ती आगरंच गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासई भागात शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले. तेव्हा जे विशीत होते ते आज साठीच्या पुढे आहेत. २०२१ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून मानवी साखळी झाली, तिच्यात मीपण उभी होते. नावासाठी रस्त्यावर उतरलो ते योग्यच केलं. पण ज्यांनी त्या गोळ्यांचा आवाज ऐकला, त्यांचा आवाज कुणाकडे आहे?

कामावरच्या एका मैत्रिणीनं विचारलं, "कशाला जातपात उकरायची?" तिला मी 'सीइंग व्हाइट'मधला एक भाग ऐकायला दिला. गोरेपणावरची जॉन बिवेन यांची ही २०१७ ची पॉडकास्ट मालिका. त्या भागात अमेरिकेत गेलेल्या भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाचा खटला आहे. आपण उच्च जातीचे, आर्य, म्हणून गोरे, तेव्हा नागरिकत्व द्या, असा त्यांचा दावा होता. उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या आदिवासींकडे तसंच बघतो जसं गोरा अमेरिकन काळ्यांकडे, हेही त्यांच्या बाजूनं मांडलं गेलं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दावा फेटाळला. म्हणजे जात आपण सातासमुद्रापार कोर्टात घेऊन गेलो होतो. उकरायला ती पुरली कधी होती?

तो भाग ऐकून मलाही गप्प बसावं लागलं. आम्ही आगरी स्वतःवरच्या अन्यायाबद्दल बोलतो, पण डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या आदिवासींबद्दल आमच्या घरात काय बोललं जायचं, ते मी लहानपणापासून ऐकलंय. रेकॉर्डिंग करायचं तर तेही करावं लागेल. आमच्याबद्दल ते काय म्हणतात, ते त्यांच्याच भाषेत, मधे न बोलता.

मला स्टुडिओ नको, जाहिराती नकोत, तिथे बोलायला कुणी मोठं नावही नको. प्रत्येक गावात दोन-तीन मुलामुलींनी अशा रेकॉर्डिंगला रविवारचा एक तास दिला तरी खूप होईल. फक्त एक कृपा करा, समोरच्याला "नीट बोल" म्हणू नका.

आजीकडे चाळीस मिनिटं झाली. त्यात दोन धवले पूर्ण आहेत, तिसऱ्याच्या मधल्या ओळी तिला आठवेनात. म्हणाली, करावे गावात तिची नणंद आहे, तिला येतो तो. नणंद ऐंशीच्या पुढची आहे, म्हणून पुढच्या रविवारी लगेच जातेय. बेलापूर, नेरूळ, कोपरखैरणे, कळवा, दिवा, जिथे कुठे तुमच्या ओळखीत धवलारीण असेल तिथलं गाव कमेंटमध्ये टाका. नाव आणि नंबर मात्र मला इनबॉक्समध्येच द्या.