‘मालवणी पंतप्रधान’ म्हणताय पण...

आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘मालवणी माणूस आयर्लंडचा पंतप्रधान’ हे जरा जास्तच होतंय बरं का. लिओ वराडकर जन्मले डब्लिनला, 1979 साली, आई आयरिश नर्स. वडील डॉ. अशोक वराडकर मात्र आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे, पुढे इंग्लंड आणि मग आयर्लंड. 2019 च्या डिसेंबरात पंतप्रधान असताना लिओ घरच्यांना घेऊन वराडला आले तेव्हा अख्खा गाव लोटला होता, ते कौतुक खरंच आहे, नाही कोण म्हणतंय.

पण लेखात खरी मजेची गोष्टच राहिली राव! 1999 ला कॉलेजात असतानाच लोकल इलेक्शनला उभे राहून पडले, नंतर डॉक्टर झाले, 2007 ला डब्लिन वेस्टमधून संसदेत गेले. आणि 2017 ला, ज्यातून ते पंतप्रधान झाले त्या पक्षनेतेपदाच्या निवडणुकीत साध्या सदस्यांची 65 टक्के मतं समोरच्या सायमन कोव्हनीला होती, तरी लिओच जिंकले, कारण खासदारांच्या मतांना 65 टक्के वजन आणि सदस्यांना फक्त 25. म्हणजे आमदार-खासदार कसे सांभाळायचे हे त्यांना पक्कं माहीत होतं (हे मात्र आपल्याकडचंच वाटतं 😄).

समाजकल्याण मंत्री असताना भत्ता लाटणाऱ्यांविरुद्ध जाहिराती लावल्या, ते मला तरी नाही पटलं, गरिबावर संशय घेणं सोपं असतं. पण 2015 ला, समलिंगी विवाहाच्या सार्वमताच्या आधी चार महिने, मंत्रीपदावर असताना रेडिओवर सरळ ‘मी गे आहे’ सांगितलं, त्याला जिगर लागते. लेखात त्यावर एकच ओळ? का हो?