मग काम कवा करतूस?

परवा प्रॉडक्शनने ‘पडद्यामागचे हात’ म्हणून एक फोटो टाकला. मी त्या सिनेमाचा स्टिल फोटोग्राफर. माझ्या ६४० फोटोंतला एकही नाही, कुणा असिस्टंटने मोबाइलवर काढलेला. त्यात उजेड परतवायचा पांढरा थर्माकोल धरून मी उभा. खाली ओळ : ‘आमचे लाइटदादा’.

याला कारण एक आजी. मेणवलीच्या घाटाजवळ शूटिंग होतं आणि निम्मं युनिट तिच्या ओट्यावर पसरलेलं. तासभर मला न्याहाळून ती म्हणाली, “आरं, हितं समदी राबत्यात. त्यो वायरी वढतोय, ती पोरगी इस्त्री करतीया. तू काय करतूस?”

“त्यांचे काम करतानाचे फोटो काढतो.”

“मग काम कवा करतूस?”

“हेच काम आहे, आजी.”

“पैसं देत्यात?”

“देतात. म्हणजे... देतील.”

“असं व्हय!” म्हणत तिने तंबाखूची चिमूट दाढेत सरकवली. “त्या गड्यानं सकाळधरनं त्ये पांढरं फळकाट धरलंय. त्याला वाईच च्या पिऊ दे. धर जरा.”

धरलं. कडेला काळी टेप, एक कोपरा तुटलेला, वजन म्हणाल तर पापडाएवढं. पण नदीवरून वारा आला की तेच शिडासारखं ओढतं. चार मिनिटांत दंड थरथरायला लागले आणि कॅमेरामन ओरडला, “दादा, दोन इंच खाली!” तोवर मला कुणी दादा म्हटलं नव्हतं. साउंडवाला तर आता कॅमेऱ्याचं खटखटणारं शटर मुकं झालं तरी माझ्याकडे डोळे वटारूनच बघतो.

फाळके शहाणे. सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारा छोटा चित्रपट त्यांनी १९१७ सालीच काढला आणि त्यात काम करताना स्वतःच दिसले. उजेड परतवायला उन्हात पांढरी चादर धरून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई उभ्या राहायच्या म्हणतात. त्यांचा तसा फोटो मी तरी पाहिलेला नाही.

असो. रात्री खऱ्या लाइटदादाचा फोन आला. मला वाटलं, हसेल. “२२ वर्षं धरतोय साहेब,” तो म्हणाला, “आन् फोटो तुमचा?”

त्याचे ४१ फोटो माझ्या हार्डडिस्कवर आहेत. एकात घामाचा थेंब कोपरावर लोंबतोय. सगळे पाठवले होते प्रॉडक्शनला. उत्तर आलं होतं, “छान. पण यात हिरो कुठंय?”