ग्रीनलँडचे नॉर्स हट्टापायी उपाशी मेले, हे कितपत खरे?

ग्रीनलँडमधील नॉर्स, म्हणजे मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन, वसाहतीचा शेवट सांगताना एक कथा हमखास पुढे केली जाते. एरिक द रेडच्या नेतृत्वाखाली ९८५ च्या सुमारास आइसलँडहून आलेल्या या शेतकऱ्यांनी गाईगुरांचा हट्ट सोडला नाही, समुद्र समोर असून त्यातले अन्न खाल्ले नाही, इनुइट या आर्क्टिकमधील मूळ रहिवाशांकडून काही शिकून घेतले नाही आणि थंडी वाढताच ते सगळे उपासमारीने संपले, अशी ती कथा. ऐकायला ती पटते, पण तिचे बहुतेक दुवे कच्चे आहेत.

समुद्री अन्न नाकारल्याचा आरोप तर पुराव्याच्या अगदी उलट आहे. थडग्यांतील हाडांच्या रासायनिक तपासणीत असे दिसते की, सुरुवातीच्या पिढ्यांच्या आहारात समुद्री अन्नाचा वाटा सुमारे २० टक्के होता आणि अखेरच्या काळात तो ५० ते ८० टक्क्यांपर्यंत गेला. उकिरड्यांत माशांची हाडे फार कमी सापडतात हे खरे, पण सीलची हाडे विपुल आहेत. वसंत ऋतूत, घरातला हिवाळी साठा संपत आलेला असतानाच, स्थलांतर करणारे सील किनाऱ्याजवळ येत आणि माणसे होड्या घेऊन एकजुटीने त्यांची शिकार करीत. लहान शेतांवर गाईंची जागा हळूहळू शेळ्यामेंढ्यांनी घेतली. गोठाभर गाई राखणे ही बड्या घरांची चैन होती. याला हट्ट कसा म्हणायचा? इनुइटांचे विशिष्ट हार्पून (शिकारीचे भाले) आणि कयाक (कातडी होड्या) त्यांनी उचलले नाहीत, एवढे मात्र मान्य करावे लागेल.

दक्षिण ग्रीनलँडमधील हेर्योल्फस्नेसच्या दफनभूमीत सापडलेले युरोपीय धर्तीचे कपडेही हट्टाचा दाखला म्हणून दिले जातात. माझ्या मते त्यांतून वेगळेच सूचित होते: चौदाव्या-पंधराव्या शतकातील फॅशन तिथे पोहोचत होती, म्हणजे बाहेरच्या जगाशी संबंध पूर्ण तुटला नव्हता.

थंडीचा मुद्दा निराधार नाही. परंतु तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हवामान बिघडू लागल्यानंतरही नॉर्सांच्या दोन वसाहतींपैकी दक्षिणेकडची पूर्व वसाहत दीडशेच्या आसपास वर्षे टिकली. तेथील एका तळ्यातील गाळाच्या अलीकडच्या अभ्यासानुसार तापमान फारसे घटले नव्हते. वाढत गेला तो कोरडेपणा. जिथे गुरांना लांबलचक हिवाळा साठवलेल्या वैरणीवर काढावा लागतो, तिथे गवत कमी उगवणे हे थंडीइतकेच जीवघेणे ठरते.

या कथेत ज्याचा उल्लेखही नसतो, ते अर्थकारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. वालरस या समुद्री प्राण्याचे सुळे हे ग्रीनलँडचे खरे धन होते. चर्चचा करही त्यांतूनच भरला जाई. शिकारी त्यासाठी उत्तरेला डिस्को उपसागरापर्यंत आणि पुढे अधिकाधिक दूर जात. युरोपात मात्र तेराव्या शतकापासून आफ्रिकी हत्तीचे दात मुबलक येऊ लागले आणि १३४९ मध्ये प्लेगने नॉर्वेला गाठल्यावर तेथील बर्गेन बंदरातून ग्रीनलँडला जहाजे निघणेही विरळ झाले.

राहिला ‘सगळे मेले’ हा दावा. आजच्या राजधानी नुककडील पश्चिम वसाहत १३५० च्या सुमारास ओस पडली आणि तेथील एका शेताच्या शेवटच्या थरात सुरीच्या खुणा असलेली कुत्र्यांची हाडे मिळाली, म्हणजे कुत्रीही खाल्ली गेली असावीत, तेव्हा काही घरांवर तरी भीषण हिवाळा ओढवला असणार. पूर्व वसाहतीत मात्र सामूहिक मृत्यूच्या खुणा नाहीत आणि तेथील सांगाड्यांवर व्यापक कुपोषणही दिसत नाही. जेमतेम दोन-तीन हजारांच्या समाजातून दरवर्षी मूठभर तरुण जरी आइसलँडला किंवा नॉर्वेला निघून गेले, तरी शिकारीच्या होड्यांना माणसे पुरेनाशी होतात. ग्रीनलँडमधील नॉर्सांची शेवटची लेखी नोंद सप्टेंबर १४०८ मधली, ह्वाल्सेच्या चर्चमधील एका लग्नाची आहे. ती आपल्यापर्यंत पोहोचली, कारण थोर्स्टाइन ओलाफ्सन आणि सिग्रिड ब्योर्न्सडॉटिर हे नवविवाहित जोडपे काही वर्षांतच आइसलँडला जाऊन राहिले आणि त्यांच्या विवाहाचे दाखले तिथे लिहून घेतले गेले.