मामाचं ‘अप्रामाणिक’ बियाणं

परवा गोव्यातल्या चोडणला मामाकडे गेले होते. त्याचा नातू कृषी पदविकेला आहे, नवा उत्साह. माळ्यावरची कोरगुटाची, म्हणजे इथल्या गावठी भाताची मुडी (पेंढ्यात बांधून ठेवलेलं बियाणं) बघून म्हणाला, “आजोबा, हें बियाणें अप्रामाणिक आसा.” मामा तापलाच. “म्हणजे हांवें चोरून हाडलां?”

पोराला म्हणायचं होतं ‘अप्रमाणित’. अप्रामाणिक म्हणजे लबाड. अप्रमाणित म्हणजे नेमलेल्या यंत्रणेने तपासून शिक्का मारलेला नाही, बस्स. तपासून नापास झालेला माल वेगळा, खोटा शिक्का मारलेला बनावट माल वेगळा, परवाना लागतो तिथे न घेता केलेलं अनधिकृत काम वेगळं. बातम्या लिहिणारे मात्र चारही एकाच मापाने मोजतात आणि मुडीवाला मामा बोगस औषधवाल्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

गंमत म्हणजे कायद्यालाच ही गल्लत मान्य नाही. 1966च्या बियाणे कायद्यात प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेलं वाण विकणाऱ्याला पिशवीवर उगवणशक्ती, शुद्धता खरी छापावी लागते. प्रमाणित नसलेल्या, पण असं खरं लेबल लावलेल्या बियाण्याला सत्यप्रत बियाणं म्हणतात. 2001च्या वाण संरक्षण कायद्याने तर शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायची, देवघेव करायची, विकायचीही मुभा दिली. फक्त ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खारं पाणी शिरलं तरी तग धरणारं कोरगुट पिढ्यान्‌पिढ्या अशाच देवघेवीतून टिकलंय.

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, खरं ज्ञान मिळवायची प्रमाणं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. प्रमाणपत्र हे त्यातलं शेवटचं, दुसऱ्याच्या शब्दावर ठेवलेला विश्वास. जिथे स्वतः तपासता येत नाही तिथे तो हवाच. हेल्मेट मी आयएसआयचंच घेते. प्रत्यक्ष प्रमाण घ्यायला डोकं एकच आहे. अनोळखी दुकानातून भात घ्यायचं झालं तरी मी शिक्का बघेन. पण मामाने ते बी स्वतःच्या शेतात कापलंय, निवडलंय, वाळवलंय.

नातू काही ऐकेना. “प्रमाणित भाताक उगवण उण्यांत उणी 80 टक्के जाय,” म्हणाला. मामाने मुडी सोडली, शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटात गुंडाळून न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवले.

आठवड्याने नातवाचाच फोन. 91 उगवले. आकडा त्याने वहीत लिहिलाय, आणि खाली सही कर म्हणून आजोबाच्या मागे लागलाय.