आधी जोड तपासा, पकड नंतर उचला

गेले काही महिने जुन्या मोटरसायकली बाळगणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर हिंडतो आहे. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी "बघा, तुमच्या कामाचं आहे" म्हणून. सारांश असा: वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचं वायरिंग आतून सडलेलं असतं, ते दुरुस्त होत नाही, कापून फेका आणि बाजारातलं नवीन कीट टाका. रंगांचं टेन्शन घेऊ नका, लाल म्हणजे करंट आणि काळी म्हणजे अर्थ (करंट परत जाण्याची, गाडीच्या सांगाड्याला म्हणजे चासीला जोडलेली वाट). फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा टाका. सगळीकडे एलईडी लावा, लोडच उरणार नाही. बॅटरी नखरे करत असेल तर काढून कंडेन्सर (विजेचा थोडासा साठा करणारा भाग) लावा. आणि शेवटी वरून काळी टेप घट्ट गुंडाळा.

लिहिणाऱ्याने गाड्या पाहिलेल्या दिसतात, कारण तक्रारी सगळ्या खऱ्या आहेत. औषधं मात्र जवळजवळ सगळी चुकीची.

सुरुवात सडण्यापासून करू. प्लॅस्टिकच्या आवरणात बंद असलेली तांब्याची तार सहसा सडत नाही. सडतो तो जोड. कपलरमधली (वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या सॉकेटमधली) पिन, सीटखालचे एकमेकांत बसणारे मेल-फिमेल जोड, चासीला कसलेला अर्थचा बोल्ट, आणि कुणीतरी कधीतरी नुसता पीळ देऊन टेप मारलेला सांधा. पाणी आणि हवा शिरते ती इथेच.

माझ्या घरी वडिलांची 1997 ची स्प्लेंडर आहे. तिचा ब्रेक दाबला की ब्रेक लाइट जेमतेम मिणमिणायचा आणि मीटरमधला दिवा मात्र आपोआप उजळायचा. दाखवायला नेली तर "काका, पूर्ण वायरिंग गेलंय, कीट टाकावं लागेल" असं उत्तर मिळालं. घरी येऊन मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवला. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक मागच्या दिव्याच्या होल्डरच्या पत्र्याला, आणि मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं. अर्थ चांगला असेल तर इथे शून्याच्या आसपास आकडा यायला हवा. आला 2.8. म्हणजे बारातले जवळपास तीन व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते. सीटखाली हिरव्या वायरची एक पिन बुरशीसारखी पांढरी-हिरवी झाली होती. परतीचा रस्ता अडल्यामुळे करंट त्याच बल्बच्या दुसऱ्या, टेल लाइटच्या फिलामेंटमधून उलटा फिरून मीटरच्या दिव्यातून अर्थ गाठत होता. पिनची नवी जोडी चहाच्या पैशांत मिळाली. आकडा 0.1 वर आला.

नवीन कीटने हा दोष गेला असता, हे कबूल. पण त्यासाठी टाकी, सीट, हेडलाइट सगळं उतरवावं लागलं असतं, आणि प्रत्येक वेळी कीटने दोष जातोच असंही नाही. हल्ली गाडी नव्यासारखी करायची म्हणून चासीला पावडर कोटिंग करून घेतात. रंग छान बसतो, अर्थच्या बोल्टाखालीही बसतो. मग चकचकीत गाडीत इंडिकेटर लावला की हेडलाइट डोळा मारतो. त्या बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडला नाही, तर तुम्ही तीन कीटं बदला, तिन्ही त्याच रंगावर कसली जाणार.

एवढ्याशा गंजाने काय होतं, असं वाटत असेल तर हिशेब करून पाहा. 12 व्होल्टवर 35 वॅटचा दिवा सुमारे 3 अँपिअर घेतो. वाटेत 0.2 ओहम अडथळा असेल तर 0.6 व्होल्ट गळतात, म्हणजे पाच टक्के. तोच 35 वॅटचा दिवा 6 व्होल्टवर चालवायचा तर करंट 6 अँपिअरच्या घरात जातो, गळती 1.2 व्होल्ट होते, म्हणजे थेट वीस टक्के. साध्या फिलामेंटच्या बल्बचा व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटला तरी उजेड तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. जुन्या 6 व्होल्टच्या येझदीच्या दिव्याला लोक मेणबत्ती म्हणून हसतात. त्यातली निम्मी मेणबत्ती गंजलेल्या पिनांची असते.

वायर खरंच मरते अशा दोन-तीन जागा आहेत, त्या सांगायला हव्यात. पहिली म्हणजे हँडलची मान. हँडल वर्षानुवर्षं वळून आतली तार तुटते, वरचं प्लॅस्टिक शाबूत राहतं, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. दुसरी सायलेन्सरला टेकलेली जागा. तिसरी उंदरांनी निवडलेली. कोकणात किंवा नदीकाठी राहिलेल्या गाडीची वायर सोलल्यावर तांबं काळं पडलेलं दिसतं. त्यावर सोल्डर चढतच नाही. लालसर चमकदार तार लागेपर्यंत मागे कापत जायचं आणि तेवढा तुकडा नवा जोडायचा, जाडी मूळ वायरएवढी ठेवून. वायरींची अख्खी माळ जळून एकमेकींना चिकटली असेल तर मात्र कीट घ्या, माझी हरकत नाही. फक्त विकत घेण्याआधी एक वायर सोलून तार ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. त्यापेक्षा तुमची पंचवीस वर्षांची वायर चांगली.

रंगांबद्दलचा मुद्दा या मजकुरातला सगळ्यात घातक. यामाहाच्या आरएक्स 100 मध्ये काळी वायर अर्थ असते आणि चावी फिरवल्यावर येणारा करंट तपकिरी वायरमध्ये असतो. होंडाच्या पद्धतीत, म्हणजे सीडी 100 किंवा स्प्लेंडरमध्ये, अर्थ हिरवी असते आणि काळी वायर चावीनंतरचा करंट वाहते. म्हणजे आरएक्सवर हात बसलेल्या माणसाने हा मजकूर वाचून स्प्लेंडरची काळी वायर चासीला कसली, की चावी फिरवताक्षणी शॉर्ट. यामाहात हिरवी वायर हेडलाइटच्या डिपरची असते, तेव्हा उलट्या दिशेनेही गोंधळ ठरलेलाच. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर कहर आहे: पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक चासीला) असलेल्या ट्रायम्फ-बीएसएमध्ये लाल वायरच चासीला जाते.

होंडाच्या गाड्यांत आणखी एक वायर जपायची, काळीवर पांढरी रेघ असलेली. ती सीडीआयमधून (स्पार्क सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीतून) चावीकडे येते. तिला अर्थ लागला की स्पार्क बंद. इंजिन थांबवण्याची युक्तीच ती आहे. हेडलाइटच्या डब्यात ती कुठे घासून पत्र्याला टेकली, की हॉर्न वाजतो, इंडिकेटर चालतो आणि गाडी मात्र सुरू होत नाही. लोक प्लग बदलतात, सीडीआय बदलतात, बॅटरीही बदलतात. संशय आला तर ती वायर कपलरपाशी सोडवून किक मारून बघा. स्पार्क आला, तर सीडीआयचे पैसे वाचले. गाडी बंद करायला मात्र ती परत जोडावी लागेल, किंवा गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबत क्लच सोडावा लागेल.

आता फ्यूज. फ्यूज असतो वायरला वाचवायला. 10 अँपिअरच्या जागी 20 टाकला, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, की फ्यूजचं काम वायरला करावं लागतं. ती वितळते, आणि वितळते कुठे, तर पेट्रोलच्या टाकीखाली. वर सांगितलेली काळी वायरची चूक आणि हा मोठा फ्यूज एकाच माणसाने एकाच दुपारी केले तर काय होईल, याचा विचार मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी केलेला नाही.

शॉर्ट शोधायला फ्यूजचा डबा रिकामा करायची गरज नाही. फ्यूज काढा आणि त्याच्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांमध्ये ब्रेक लाइटचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. चावी चालू करा. शॉर्ट असेल तर तो बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो, कारण त्याच्यापलीकडे थेट अर्थ आहे. करंट मात्र पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, त्यामुळे काही जळत नाही. मग एकेक कपलर सोडवत जा, माळ हलवत जा, हँडल वळवून बघा. ज्या क्षणी बल्ब मंदावेल किंवा विझेल, तिथे चोर. मला ही युक्ती एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दाखवली. त्यांच्याकडे मल्टिमीटर नव्हता आणि त्यांचं कधी अडलंही नाही.

एलईडीने लोड कमी होतो हे खरं, पण जुन्या गाडीचं वायरिंग लोड गृहीत धरूनच बनवलेलं असतं. जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बल्बच्या करंटवर लय धरतो. एलईडी लावले की तो धावत सुटतो किंवा पेटून तसाच राहतो. ज्या गाड्यांत डाव्या-उजव्या इंडिकेटरसाठी मीटरमध्ये एकच दिवा आहे, तिथे गंमत आणखी. तो दिवा डावी आणि उजवी बाजू यांच्या मधोमध जोडलेला असतो आणि विरुद्ध बाजूच्या बल्बमधून अर्थ घेतो. एलईडीला तेवढा चिमूटभर करंटही पुरतो, म्हणून डावीकडे वळायचं म्हटलं की चारही लुकलुकतात. त्यावर दोन डायोडचा उपाय आहे, पण तो या मजकुरात नाही. आणि ज्या गाड्यांचा हेडलाइट मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या भागाच्या) एसीवर थेट चालतो, तिथे साधा एलईडी थरथरत राहतो. अशा हेडलाइटची वायर मीटर डीसीवर ठेवून तपासू नका. भलताच आकडा येतो आणि चांगली वायर मेलेली ठरते.

कंडेन्सरचं थोडक्यात: एसी सीडीआयच्या, म्हणजे मॅग्नेटोवरच चालणाऱ्या सीडीआयच्या गाडीत स्पार्क बॅटरीवर अवलंबून नसतो, तिथे काम भागतं, पण इंजिन बंद असताना ना हॉर्न ना इंडिकेटर. जुन्या पॉइंटवाल्या (सीडीआयऐवजी यांत्रिक स्विचने स्पार्क देणाऱ्या) बुलेटची कॉइल बॅटरीवर चालते. तिथे हा सल्ला देऊ नये.

राहिली टेप. चिकट काळी टेप उन्हाळ्यात पाघळते, डिंक पिनांत उतरतो, आणि पुढच्या वेळी उघडणारा शिव्या घालतो. न चिकटणारी पीव्हीसी टेप किंवा स्लीव्ह वापरा, आणि तिचं तोंड खाली ठेवा म्हणजे पावसाचं पाणी निथळून जाईल. मानेपाशी माळेला ढील द्या आणि झिप टाय कसण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. माझ्याकडून ते एकदा राहिलं. महिनाभर डावीकडे वळलं की हेडलाइट जायचा, आणि मी स्विचवर संशय घेत होतो.